काश्मिरी दरवाज्याची तार

दिल्लीच्या काश्मिरी दरवाज्यापासून थोड्याच अंतरावर, लोथियन रस्त्यावर, राखी दगडाचा एक स्तंभ उभा आहे. तो १९०२ साली तारखात्याच्या नोकरांच्या स्मरणार्थ उभारण्यात आला. ११ मे १८५७ रोजी मेरठचे शिपाई शहरात शिरले, तेव्हा ब्रेंडिश व पिल्किंग्टन या दोघा तरुणांनी दिल्लीच्या तारकचेरीतून अंबाल्यास वर्दी दिली. तारमास्तर टॉड मेरठची बंद पडलेली तार तपासावयास गेला, तो परतलाच नाही. वर्दी पंजाबात पोचली आणि १३ मे रोजी लाहोरजवळील मियाँमीर छावणीत देशी पलटणींची शस्त्रे काढून घेण्यात आली. स्तंभ जेत्यांचा, शस्त्रे गमावलेल्यांविषयी तो मुका आहे.

एवढी उलथापालथ घडविणारा तो प्रवाह मात्र अगदी क्षीण असे. लांबच्या तारेत, विशेषतः पावसाळ्यात, वीज वाटेतच झिरपून जाई. डॉक्टर ओशॉनेसी यांनी हिंदुस्थानात प्रथम रूढ केलेल्या यंत्रात तिने एक हलकी सुई डावीउजवीकडे हलविली की पुरे. कारकुनाने ती पाहावी, अक्षरे जुळवावी आणि स्वतःच्या बॅटरीने मजकूर पुढे धाडावा. दोन तारांमधला दुवा माणूसच होता. तो कचेरी सोडून गेला की तारही संपली.

पुढे मोर्सच्या पद्धतीत हे काम ‘रिले’ने उचलले. आलेल्या दुबळ्या प्रवाहाने विद्युच्चुंबक जागा होतो, लोखंडी पट्टी ओढली जाते, दुसऱ्याच मंडलाची कळ मिटते आणि तेथली जोरकस बॅटरी यंत्र चालविते. दुबळ्याला येथे बळ चढवीत नाहीत. त्याच्या हुकमाने बलवंताला कामास लावतात. शिवाय प्रवाह आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न असल्याने वाटेतला मळ पुढच्या तारेत उतरत नाही. आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला हे साधत नाही; ते खरखरही मोठी करते.

सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये थांबली. दिल्ली मेट्रो मात्र २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी धावू लागली होती, आणि वाटेत काश्मिरी दरवाजा हे स्थानक होते. तिच्या डोक्यावरील तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो; हुकूम देणाऱ्या संगणकाचा दाब जेमतेम पाच व्होल्टच्या घरातला. मोटारींना वीज पुरविणाऱ्या अर्धवाहक कळांना तो पेलत नाही, म्हणून मध्ये एक चालक-मंडल बसवितात. ते हुकूम पंधराएक व्होल्टांपर्यंत चढवून कळेपर्यंत नेते. दोहोंमध्ये धातूचा धागाही नसतो; निरोप प्रकाशाच्या किंवा चिमुकल्या रोहित्राच्या वाटेने जातो, नाहीतर पलीकडचा दाब उलटून संगणकच जाळून टाकील.