'जातो' नाही, 'येतो' म्हणावं

आमच्या घरात निघताना कुणी 'जातो' म्हटलं की आजी चिडायची. "जातो काय? येतो म्हण." मग आम्ही चप्पल अर्धवट घालून परत उंबऱ्यापाशी यायचो, "येतो गं आजी" म्हणायचो आणि पळायचो. त्या एका शब्दात परत येण्याचं वचन असतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सवय होती, बस्स.

१९९९ मध्ये जपानमधल्या एका दहा वर्षांच्या मुलानेही असंच 'येतो' म्हटलं होतं. समोर एक मोठा पक्षी होता. आपल्या कळपाच्या रक्षणासाठी तो मागे थांबला. मुलगा म्हणाला, काम उरकून परत येतो. आणि तो चोवीस वर्षं आलाच नाही.

मुलगा म्हणजे ॲश केचम, मूळ जपानीत सातोशी. पक्षी म्हणजे पिजॉट. आणि हा लेख आहे २०२३ च्या जानेवारी ते मार्चमध्ये जपानमध्ये दाखवलेल्या ११ भागांबद्दल, ज्यांत ॲश, मिस्टी आणि ब्रॉक पुन्हा एकत्र चालले. त्या ११ भागांवर फॅन लोकांनी खूप टीका केली. मला ते आवडले. का आवडले, ते सांगायचं तर इतिहासात शिरावं लागेल.

दीड वर्षाचा प्लॅन

पोकेमॉन हा आधी गेम. सातोशी ताजिरी या माणसाच्या कल्पनेतून आलेला, निंतेंदोच्या गेमबॉयवर २७ फेब्रुवारी १९९६ ला बाजारात उतरलेला. वर्षभराने, १ एप्रिल १९९७ ला टीव्ही टोकियोवर ॲनिमे सुरू झाली. नायकाला ताजिरींचं नाव मिळालं, सातोशी. त्याच्या शेजारच्या प्रतिस्पर्ध्याला, म्हणजे आपल्या गॅरीला, शिगेरू हे नाव मिळालं, मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांच्यावरून.

मालिका साधारण दीड वर्ष चालेल असा सुरुवातीचा हिशोब होता. ती वर्षभरातच संपायची वेळ आली होती. १६ डिसेंबर १९९७ च्या भागात लाल-निळा प्रकाश काही सेकंद इतक्या वेगाने लपलपला, की तो बघणाऱ्या मुलांना चक्कर, उलट्या, झटके यायला लागले. ६८५ जणांना रुग्णवाहिकेने दवाखान्यात न्यावं लागलं. मालिका चार महिने बंद पडली, आणि तो भाग पुन्हा कधीही दाखवला गेला नाही. पडद्यावरच्या लखलखाटाबाबत जपानी वाहिन्यांनी नियम केले ते यानंतरच.

१६ एप्रिल १९९८ ला मालिका परत आली, आणि मग थांबायचं नावच घेईना.

रिसेटचं गणित

थांबेना, कारण गेम थांबेना. दर तीन-चार वर्षांनी नवा गेम, नवा प्रदेश, नवे पोकेमॉन. सुरुवातीला १५१ होते, २०२२ च्या नोव्हेंबरात हजाराच्या पुढे गेले. हे सगळे लोकांना दाखवायचे कुणी? ॲशने. म्हणून नव्या प्रदेशात जाताना ॲश जुने पोकेमॉन प्रोफेसर ओककडे ठेवणार, फक्त पिकाचूला घेणार, सोबतीला नवे मित्र घेणार आणि पुन्हा पहिल्यापासून शिकणार. वय दहा ते दहाच.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला हे ओळखीचं वाटतं. नवं व्हर्जन काढायची तारीख ठरलेली असते, जुन्यातल्या अर्धवट गोष्टी तशाच राहतात. कोडमध्ये कुणीतरी लिहून ठेवतो, 'टू-डू: हे नंतर नीट करायचं'. तो माणूस नोकरी सोडून जातो. कॉमेंट तिथेच राहते.

पोकेमॉनमध्ये असे टू-डू भरपूर आहेत. सगळ्यात गाजलेला म्हणजे जीएस बॉल. सोनेरी-चंदेरी, कुणालाही न उघडणारा. ॲशने तो कितीतरी भाग सांभाळून नेला, शेवटी कर्ट नावाच्या म्हाताऱ्या कारागिराच्या हातात दिला, आणि विषय बंद! पुढे दिग्दर्शक मासामित्सु हिदाका यांनी एका मुलाखतीत सांगितलं, की त्यातून सेलेबी हा पोकेमॉन निघणार होता, पण सेलेबीवर सिनेमाच करायचं ठरलं. मग बॉल सोडून दिला. लोक विसरतील, असा अंदाज होता.

लोक विसरले नाहीत. पिजॉटलाही नाही.

सांगलीतलं भारनियमन

आमच्यापर्यंत हे सगळं २००३ मध्ये आलं, कार्टून नेटवर्कवर, हिंदीतून. जपानी ॲनिमे हिंदीत ऐकणं घराला नवं नव्हतं. दूरदर्शनवरचा मोगली जपानी होता, हे मात्र आई-बाबांना मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

वाड्यात दोन बिऱ्हाडं होती, आमचं आणि काकांचं. केबल फक्त काकांकडे. चुलतभाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, त्याला मी दादाच म्हणायचो. संध्याकाळी आम्ही दोघं आणि मधे पोह्यांची ताटली. चिप्सच्या पुड्यांतून निघणारे टॅझो बुटांच्या एका खोक्यात ठेवायचो. खोकं सामाईक, पण कुलूप दादाचं.

आणि भारनियमन. त्या वर्षांत महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही समजावून सांगायला नको. अगदी बॅटल रंगात आली की पडदा काळा. मिस्टी गेली तो भाग आम्ही पाहिलाच नाही. एक दिवस ती होती, पुढच्या वेळी लाइट आले तेव्हा तिच्या जागी मे नावाची दुसरीच मुलगी. दादा म्हणाला, "येईल पुढच्या आठवड्यात." मी कित्येक आठवडे वाट बघितली.

तो भाग कॉलेजात लॅपटॉपवर बघितला. जपानमध्ये तो २००२ च्या नोव्हेंबरात लागला होता. मिस्टीच्या बहिणी जगप्रवासाला निघतात, आणि जिम सांभाळायला तिला घरी जावं लागतं. पहिल्याच भागात पिकाचूच्या विजेने जळालेली तिची सायकल दुरुस्त होऊन मिळते. 'सायकल भरून दे' म्हणत ती पाच वर्षं ॲशच्या मागे फिरली, सायकल मिळाली आणि सोबत राहायचं निमित्तच संपलं. मुलांच्या कार्टूनमध्ये इतकं नेमकं कुणी लिहितं, याचं मला आजही नवल वाटतं.

ब्रॉक २०१० मध्ये गेला, पोकेमॉन डॉक्टर व्हायला. तोवर आमच्या वाड्याची वाटणी झाली होती. २००८ मध्ये काकांनी त्यांचा हिस्सा विकला आणि ते कोल्हापूरला गेले. मोठ्यांमध्ये काय काय बोललं गेलं ते मला अर्धंच कळलं, तेही भिंतीपलीकडून. टेम्पो निघताना दादा मला म्हणाला, "येतो रे." खोकं त्याने माझ्याकडे दिलं. किल्ली द्यायची राहिली.

शेवटचे ११ भाग

ॲश मोठ्या लीग स्पर्धांमध्ये सहा वेळा हरला. १५ सप्टेंबर २०१९ ला अलोलाची लीग त्याने जिंकली. ११ नोव्हेंबर २०२२ ला तर लिऑनला हरवून तो जगज्जेता झाला. आणि १६ डिसेंबर २०२२ ला जाहीर झालं, की ॲश आणि पिकाचूची गोष्ट संपतेय. त्या अपघाताला त्याच दिवशी बरोबर २५ वर्षं झाली होती. हा योगायोगच असणार, पण मला ती तारीख बघून जरा थांबायला झालं.

निरोपासाठी खास ११ भाग, १३ जानेवारी ते २४ मार्च २०२३. नाव 'मेझासे पोकेमॉन मास्टर', म्हणजे १९९७ च्या पहिल्या शीर्षकगीताचंच. ते गाणं गायलं होतं रिका मात्सुमोतो यांनी, आणि तेव्हापासून ॲशचा जपानी आवाजही त्यांचाच.

फॅन लोकांच्या अपेक्षा आभाळाला भिडल्या. मे, डॉन, सेरेना, सगळे येणार, प्रचंड लढाई होणार, मागचे सगळे टू-डू निकालात निघणार.

तसं काही झालं नाही. मिस्टी येते, आल्या आल्या ॲशशी भांडते. ब्रॉक येतो, कुठल्यातरी मुलीच्या प्रेमात पडतो आणि क्रोगंकचा फटका खातो. एक जखमी लॅटिआस अधूनमधून दिसते. टीम रॉकेट जुन्या साथीदारांना गोळा करून शेवटचा जोर लावते, हरते, फुटते आणि पुन्हा एकत्र येते. बाकी वेळ हे तिघे चालतात, खातात, कुणा पोकेमॉनची अडचण सोडवतात. लोक म्हणाले, हे तर फिलर आहे, याला काय निरोप म्हणायचं?

टीकेतला एक मुद्दा मला मान्य आहे. सेरेनासारख्या मित्रमैत्रिणींना इतकी वर्षं बघणाऱ्यांना हाती काही लागलं नाही. ज्यांचं बालपण २०१४ चं, त्यांना हा निरोप दुसऱ्याच कुणाच्या घरचा वाटला असेल.

पण 'फिलर' ही तक्रार मला पटत नाही. आमच्या संध्याकाळी फिलरच होत्या. दादाबरोबर पाहिलेली एकही फायनल मला नीट आठवत नाही. आठवतं ते ब्रॉक काहीतरी शिजवतोय आणि मिस्टी किड्याला घाबरून ओरडतेय. बऱ्याच दिवसांनी भेटलेले जुने मित्र महायुद्ध करत नाहीत. चहा घेतात, जुन्याच विषयावरून भांडतात. ११ भाग नेमके असेच आहेत.

याच्या उलट उदाहरण डिजिमॉनचं. १९९९ मध्ये सुरू झालेल्या त्या मालिकेतली मुलं २०२० च्या 'किझुना' या चित्रपटात मोठी झालेली दाखवली, आणि मोठं झालं की जोडीदार डिजिमॉन सुटतो, हे सरळ सांगितलं. ते धाडस होतं, मला तो चित्रपट झेपला नाही. पोकेमॉनने ॲशला दहाचाच ठेवला. मोठे व्हायचं काम आपल्यावर सोडलं.

आणि पडद्यामागे वय थांबलं नव्हतंच. सुरुवातीच्या काळाचे मुख्य लेखक ताकेशी शुदो २०१० मध्ये गेले. सुरुवातीपासून प्रोफेसर ओकचा आवाज असलेले उंशो इशिझुका २०१८ मध्ये गेले. पुनर्भेट म्हणतो आपण, पण सगळे कधीच येत नाहीत.

पिजॉट मात्र आला. शेवटी शेवटी ॲश त्या रानात पोचतो आणि तो पक्षी त्याला ओळखतो. मोठा खुलासा नाही, 'इतकी वर्षं कुठे होतास' नाही. पिजॉट त्याच्याबरोबर घरी येतो. माझ्या मते मालिकेने केलेली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट हीच. उशीर झाला होता आणि त्याला सबब नव्हती, म्हणून कुणी दिली नाही.

जगज्जेता झालास, मग पोकेमॉन मास्टर होण्यापासून किती लांब आहेस, असं गॅरी ॲशला विचारतो. ॲशला पटकन उत्तर येत नाही. बराच विचार करून त्याला सापडतं ते असं, की जगातल्या सगळ्या पोकेमॉनशी त्याला मैत्री करायचीय. म्हणजे संपणारं काम नाहीच ते. नवे बूट घालून तो निघतो, रस्त्याला फाटा लागतो, काठी टाकून दिशा ठरवतो.

किल्ली

शेवटचा भाग मी पुण्यात रात्री एकट्याने पाहिला. दादाशी तोवर लग्नाकार्यात भेट व्हायची, तीही "काय, बरं आहे ना?" इतकीच. वडील आणि काका एका मांडवात दोन टोकांना बसत, आणि आम्ही दोघंही आपापल्या बापाच्या बाजूला. आमच्यात भांडण काहीच नव्हतं. तरीही पंधरा वर्षं गेली. दोघांपैकी कोणीही फोन उचलू शकला असता, उचलला नाही. याला माझ्याकडे सबब नाही.

एक वाजता मी त्याला मेसेज टाकला, "पिजॉट परत आला."

दोन निळ्या रेघा लगेच आल्या. उत्तर नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. चुकलंच आपलं, असं म्हणून मी कामाला लागलो.

तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये फोन वाजला. दादाचा मेसेज होता. "बघितलं काल पोरीबरोबर. जीएस बॉलचं काय झालं पण?"

हे लांबलचक उत्तर त्यासाठीच लिहिलंय, दादा. बाकीचं समोर बसून सांगतो. खोकं अजून माझ्याकडे आहे, कुलूपही तसंच. किल्ली असली तर काढून ठेव. येतो.