खुर्चीत कोण?

आमच्या लग्नाच्या फोटोत हे खुर्चीत बसलेत आणि मी शेजारी उभी. "साहेब, तुम्ही बसा. वहिनी, तुम्ही उभ्या राहा," असं फोटोग्राफर म्हणाला आणि आम्ही निमूट ऐकलं.

शाळेत वर्षानुवर्षं मी १८५८ चा राणीचा जाहीरनामा शिकवला. पण त्या व्हिक्टोरिया राणीचा नवऱ्याबरोबरचा फोटो पाहिला तो अलीकडे, नातीच्या संगणकावर. जॉन मेयॉल या छायाचित्रकाराने तो १८६०-६१ च्या सुमारास काढला. प्रिन्स अल्बर्ट खुर्चीत, राणी बाजूला उभी! राज्य तिचं. राणी म्हणून १८३९ साली लग्नाची मागणीसुद्धा तिनेच घातलेली. अल्बर्ट कधी राजा झाला नाही. फोटोत मात्र मुकुट नाही, सिंहासन नाही. दिसते ती नवऱ्याची बायको.

तेव्हा फोटोसाठी काही सेकंद निश्चल राहावं लागे. उभ्या माणसाच्या मानेमागे लोखंडी आधार लावत. पण तो पुरुषाच्या मानेमागेही लावता आला असताच की! बायको बसलेली आणि नवरा उभा, असेही फोटो निघत. पण तेव्हा तो तिचा राखणदार दिसे. व्हिजिटिंग कार्डाएवढ्या फोटोंतून राणी इंग्लंडात घरोघरच्या अल्बममध्ये गेली.

परवा लग्नाच्या वाढदिवसाला हे खुर्चीत बसले आणि मी सवयीने शेजारी जाऊन उभी राहिले. नात म्हणाली, "आजी, तू का उभी?"

उत्तर सुचलं नाही. ह्यांनीच उठून दुसरी खुर्ची आणली.