रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी

पिंगळा म्हटला कीं महाराष्ट्रीय मनुष्यास भविष्याची आठवण होते. पहांटेच्या काळोखांत दारोदार फिरून भाकित सांगणारा भिक्षेकरी याच पक्ष्याचें नांव मिरवितो, आणि सांजवेळीं पिंगळा बोलला तर त्यांत शकुन-अपशकुन पाहणारीं माणसें अद्यापि आहेत. परंतु या पक्ष्याच्या एका रानवट भाईबंदाची कथा भविष्याची नसून भूतकाळाची आहे. आणि तींतील खरा प्रश्न पक्ष्याचा नसून माणसाच्या सचोटीचा आहे.

राष्ट्रसभेच्या संस्थापकांपैकीं एक म्हणून ज्या ॲलन ह्यूमसाहेबांना आपण ओळखतों, ते आपल्या काळचे अग्रगण्य पक्षिशास्त्रज्ञही होते. १८७२ सालीं, हल्लीं छत्तीसगडांत असलेल्या मुलुखांत, ब्लेविट नांवाच्या संग्राहकास एक निराळा पिंगळा मिळाला. ह्यूम यांनीं १८७३ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि त्याच्या शास्त्रीय नांवांत ब्लेविट यांचें नांव गुंफलें. नेहमींच्या पिंगळ्याहून या रानपिंगळ्याचें डोकें मोठें, माथ्यावरील ठिपके जवळजवळ नाहींत आणि पाय पांढऱ्या पिसांनीं भरलेले. पुढें खानदेशांत चाकरीस असलेले मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांना सातपुड्याच्या पायथ्याशीं हा पक्षी मिळाला. त्यांनीं आपले नमुने इमानें नोंदून ठेविले. १८८४ नंतर मात्र तो कोणाच्या दृष्टीस पडेना.

मध्यंतरीं एक नवी नोंद पुढें आली. रिचर्ड माइनर्ट्झहागेन हा ब्रिटिश लष्करी अधिकारी पक्षिशास्त्रांत मोठा मान्यवर होता. त्याच्या संग्रहांत एक रानपिंगळा होता आणि तो आपण १९१४ सालीं गुजराथेंत, तापीकांठच्या मांडवी येथें मिळविल्याचें त्याच्या चिठ्ठीवर लिहिलें होतें. या चिठ्ठीमुळें पक्ष्याच्या इतिहासांत तीस वर्षांची भर पडली व त्याचा ठावठिकाणाही बदलला. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणकारांनीं शोध घेतला, परंतु पक्षी सांपडला नाहीं. तो नामशेष झाला असावा, असा समज बळावत चालला.

अखेरीस अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनीं त्या चिठ्ठीचीच उलटतपासणी केली. क्ष-किरणांखालीं पक्ष्याच्या कातड्यावर जुन्या शिवणीच्या खुणा दिसल्या; तो उसवून पुन्हां भरलेला होता, आणि मूळची धाटणी डेव्हिडसन यांची होती! ब्रिटिश म्युझियममधून त्यांचाच नमुना उचलून त्यावर नवें गांव व नवें साल चढविलेलें होतें. याच गृहस्थास परवानगीवांचून नमुने नेल्याबद्दल पूर्वीं त्या संस्थेच्या पक्षिदालनांत येण्यास कांहीं काळ मनाई झाली होती. तरीही त्याच्या शब्दावर विद्वानांनीं विश्वास टाकला होता.

खोटी नोंद बाजूस सारतांच वाट मोकळी झाली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे जुन्या प्रामाणिक चिठ्ठ्यांचा माग काढीत आधीं पूर्वेकडील स्थळें धुंडाळून, मग खानदेशांत आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळीं, शहाद्याजवळच्या रानांत, एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा उघड्यावर बसलेला त्यांना दिसला! दिवसाढवळ्या शिकार करणारा हा पक्षी एकशें तेरा वर्षें शास्त्राच्या नजरेआड राहिला होता. पुढें तो मेळघाटांत, आणि २०१४ सालीं मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यांतही आढळला.

चोरीनें म्युझियमचा एक नमुना गेला असता, तर हानि तेवढ्यावरच थांबती. खोट्या चिठ्ठीनें मात्र पुढील पिढ्यांचें ज्ञान दूषित केलें. सातपुड्यांतील झाडी तुटत असतां, शेतीखालीं रान जात असतां, त्या मधल्या वर्षांत या पक्ष्याची दाद घेणारें कोणी नव्हतें. कारण जो सांपडतच नाहीं, त्याचें रक्षण कोण करणार? रानपिंगळा आजही संकटग्रस्त आहे. शास्त्राची इमारत अशा क्षुल्लक वाटणाऱ्या कागदाच्या चिटोऱ्यांवर उभी असते. गांव कोणतें, दिवस कोणता, हें खरें लिहिणें ही जिल्ह्यांतील एका अधिकाऱ्याची साधी संवय होती. पण शंभराहून अधिक वर्षांनीं पक्ष्याचें घर दाखविलें तें तिनेंच.