फी वाढली, की शासन मागे सरले?

मुखेडसारख्या डोंगराळ तालुक्यातला शेतमजुराचा मुलगा अभियांत्रिकीची फी ऐकून परत फिरतो, तेव्हा त्याला एक ठरीव उत्तर मिळते. महागाई वाढली, प्राध्यापकांचे पगार वाढले, म्हणून फी वाढली! हे उत्तर अर्धवट आहे. पगार अनुदानित महाविद्यालयांतही वाढले. पण तो भार शासन उचलते, म्हणून तिथल्या बी. ए.ची फी त्या मानाने वाढली नाही. खर्च किती, यापेक्षा तो कोणाच्या माथी, हा खरा प्रश्न आहे.

१९२७ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी हाच हिशेब मांडला होता. कला महाविद्यालयांच्या खर्चातला सुमारे ३६ टक्के भाग फीतून वसूल होतो, हे दाखवून त्याला त्यांनी शिक्षणाचे व्यापारीकरण म्हटले. पुढे १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. आपली पहिली पदवीधर पिढी घडली ती शिष्यवृत्ती आणि वसतिगृह यांच्या आधारावर. बापाच्या खिशात होतेच काय?

आणि ही मुले दारात पोचली, तोच दाराचा मालक बदलला. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या मंत्रिमंडळाने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. आपली मुले देणग्या मोजून कर्नाटकात जातात, हे कारण खोटे नव्हते. जागा वाढल्या हेही खरे. पण इमारतीपासून पगारापर्यंत सारा खर्च विद्यार्थ्यावर आला. देणगी इतकी बोकाळली की १९८७ मध्ये तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला.

नंतर सरकारी विद्यापीठांनाही तोच उपदेश झाला. पुन्नय्या समितीने १९९३ मध्ये सांगितले, खर्चाचा १५ टक्के, पुढे २५ टक्के भाग स्वतः उभा करा. त्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खाजगी महाविद्यालयांत निम्म्या जागा कमी फीच्या ठेवल्या होत्या. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती योजनाही गेली.

आज अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याची फी शासन भरते, असे सांगितले जाते. भरते, पण बहुधा उशिरा. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला तर नाहीच. तोवर गुणपत्रिका अडते. नांदेडातल्या खोलीचे भाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागते.