चिनी माती : बरणीपासून पानापर्यंत

लोणच्याची बरणी जिची, तिला आपण चिनी माती म्हणतो. तिचं माहेर तिच्या नावातच आहे. चीनच्या जियांग्शी प्रांतातलं जिंगदेजन हे चिनी भांड्यांचं जुनं शहर. त्याच्या जवळच गाओलिंग नावाची टेकडी आहे आणि तिथली पांढरी माती भांड्यांसाठी वापरली जाई. जिंगदेजनला राहिलेले फ्रेंच जेझुइट पाद्री दाँत्रकोल यांनी १७१२ साली लांबलचक पत्र लिहून ही कला युरोपला कळवली. पुढे ‘गाओलिंग’चं ‘केओलिन’ झालं आणि तेच नाव जगभर रुळलं.

हेच केओलिन आज भुकटी करून पिकावरची कीड रोखायलाही वापरतात. भुकटीने कीड आवरायची रीत मात्र जुनीच. साठवणीच्या कडधान्याला राख चोळणं आपल्या घरांत नेहमीचंच होतं. कोरड्या भुकटीने किड्याच्या अंगावरचा मेणाचा पातळ थर खरवडला जातो, अंगातलं पाणी उडून जातं आणि किडा मरतो. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ विगल्सवर्थ यांनी १९४० च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवलं.

पण कणगीत चालतं ते झाडावर टिकायचं कसं? याचं उत्तर १९९० च्या दशकात अमेरिकेत मिळालं. वेस्ट व्हर्जिनियातल्या कर्नीसव्हिलच्या सरकारी फळसंशोधन केंद्रात मृदाशास्त्रज्ञ मायकेल ग्लेन आणि कीटकशास्त्रज्ञ गॅरी प्युटेर्का यांनी एंगलहार्ड कंपनीच्या साथीने केओलिन पानांवर फवारून पाहिलं. पानावर पाणी ठरूच नये म्हणून आधी त्यांनी पाण्याला न जुमानणारी भुकटी घेतली. ती पाण्यात कालवायला मिथेनॉल लागे. नंतर पाण्यात सहज मिसळणारी भुकटी तयार झाली आणि ‘सराउंड’ या नावाने बाजारात आली. कुंभारकामाची माती आणि ही भुकटी एक नव्हे. ही शुद्ध केलेली असते आणि तिचे बहुतेक कण दोन मायक्रॉनहून बारीक असतात.

फवारलं की पान आधी नुसतं ओलं दिसतं. वाळत जातं तशी त्यावर पांढुरकी साय धरते. बोट फिरवलं तर बोटाला पीठ लागतं. हेच पीठ किड्याच्या पायांना, मिशांना चिकटतं. मग त्याचा वेळ अंग साफ करण्यातच जातो, ओळखीचं झाड ओळखू येत नाही, अंडी घालायला जागा पटत नाही. सफरचंदावरचे सोंडे, नाशपातीवरचे सिला नावाचे किडे यांना याच थराने आळा बसतो. यात विष कुठेच नाही. शिवाय ऊन परतवलं जातं, त्यामुळे फळ भाजत नाही.

महाराष्ट्रात केओलिन शिरलं ते या दुसऱ्या गुणामुळे. पावसाने ओढ दिली की पिकातलं पाणी कमी उडावं म्हणून, आणि डाळिंबावर उन्हाचे चट्टे पडू नयेत म्हणून त्याची फवारणी सुचवली जाते. कीड रोखायचा गुण मात्र आपल्या परसबागांत अजून फारसा वापरात नाही.

तो वापरून बघावा. मात्र या मातीने आलेली कीड मरत नाही, येऊ पाहणारी थोपते. मित्रकीटकांनाही तिची अडचण होते, त्यामुळे गरजेपुरतीच फवारावी. पालेभाजीवर नको, कारण ती धुऊन सहज निघत नाही. भुकटी कालवताना नाकातोंडाला फडकं बांधावं, पंप अधूनमधून हलवावा, पानाची खालची बाजूही माखावी. पावसाने थर विरळ झाला की पुन्हा फवारावं. आणि कीड दिसायची वाट न पाहता नवी पालवी फुटतानाच पंप हाती घ्यावा.