‘वेडा’ ते ‘शुभार्थी’

‘याला ठाण्याला पाठवायला हवं’ या वाक्याचा अर्थ मुंबईपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कुणाला सांगावा लागत नाही. 1901 साली ठाण्यात मनोरुग्णालय सुरू झालं आणि शहराच्या नावालाच तो अर्थ चिकटला. ज्याच्या घरचं माणूस तिथे दाखल असेल त्याला तो बोचतो.

कागदावरचे शब्द याहून कठोर होते. 1858च्या कायद्याच्या नावातच ‘ल्युनॅटिक असायलम’ होतं. 1912च्या कायद्याने ‘ल्युनॅटिक’ची व्याख्या केली ती ‘ईडियट किंवा अनसाउंड माइंडची व्यक्ती’ अशी. चंद्राच्या कलांनी माणूस भ्रमिष्ट होतो, या जुन्या समजुतीतून निघालेला हा शब्द आपल्या कायद्यात 1993पर्यंत टिकला, कारण 1987चा मानसिक आरोग्य कायदा अंमलात यायलाच तेवढी वर्षं गेली. पाट्या मात्र कितीतरी आधी, 1920च्या सुमारास बदलल्या होत्या. ‘असायलम’ जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ आलं. मराठीतही ‘वेड्यांचं इस्पितळ’ मागे पडून ‘मनोरुग्णालय’ रुळलं.

2017च्या कायद्यात ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ आली. मला हा बदल सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याच्यासोबत एक हक्क आला: आजार बळावला तर कोणते उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा. ‘वेडा’ ठरलेल्या माणसाला असं काही कुणी विचारत नव्हतं. तरी याच कायद्यात ‘मेंटल रिटार्डेशन’ राहून गेलं, आणि तेही आदल्याच वर्षी दिव्यांग हक्क कायद्याने त्याजागी ‘बौद्धिक अक्षमता’ स्वीकारलेली असताना! याचं वाईट वाटतं.

सरकारी कागदाबाहेर मराठीने आणखी एक जोडी घडवली. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात उभारलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या आधारगटांत आजारी माणूस ‘शुभार्थी’ असतो आणि त्याला सांभाळणारा ‘शुभंकर’. पार्किन्सन्स मित्रमंडळातही हेच शब्द ऐकू येतात. आजाराचा उल्लेख न करता दोघांचं नातं सांगणारे हे शब्द मला फार आवडतात.

केसपेपरवर मात्र ते चालणार नाहीत. तिथे निदान नेमकंच लिहायला हवं, नाहीतर पुढच्या डॉक्टरची फसगत होईल. मग ‘स्किझोफ्रेनिक’ऐवजी ‘स्किझोफ्रेनिया असलेली व्यक्ती’ लिहावं. दोन शब्द जास्त लागतात, निदान तितकंच नेमकं राहतं.