रंग, प्रकाश आणि विषाणूचा माग

सोलापूरकरांना रंगाविषयी काही सांगावयास जाणे हे तसे धाडसाचेच आहे. ज्या गावी पिढ्यानुपिढ्या सूत रंगले आणि चादर विणली गेली, तेथे धुण्याला टिकतो तो पक्का आणि उतरतो तो कच्चा, ही परीक्षा घरच्या गृहिणीलाही ठाऊक असते. या रंगविद्येचा एक दूरचा वंशज आहे. विषाणूंचा प्रकाशाच्या साहाय्याने माग काढण्याची विद्या, हा तो वंशज. एप्रिल २०२० मध्ये आपल्या शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला आणि त्यानंतर कित्येक महिने ‘रिपोर्ट आला का?’ हा एकच प्रश्न घरोघरी विचारला जात होता. त्या कागदावरच्या एका शब्दावर कोणाचे घर बंद होई, तर कोणाचा जीव भांड्यात पडे. तो शब्द येतो कोठून, याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

विषाणूची कल्पना प्रथम आली ती तंबाखूच्या पानांवरील रोगातून. १८९२ मध्ये इव्हानोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञास असे दिसून आले की, जीवाणू अडवून धरणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून रोगट पानांचा रस गाळला, तरी त्या रसाने रोग होतोच. १८९८ मध्ये हॉलंडच्या बेयेरिंकने हा जीवाणूंहून निराळाच प्रकार आहे असे प्रतिपादन केले. परंतु तो डोळ्यांना दिसेना. याचे कारण जर्मनीच्या अर्न्स्ट ॲबेने १८७३ मध्येच सांगून ठेवले होते. भिंग कितीही उत्तम घासले, तरी प्रकाशलहरीच्या सुमारे निम्म्या लांबीहून लहान वस्तूचा आकार त्यातून उमटत नाही. दृश्य प्रकाशाची लहर ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीची, तर कोरोनाचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटरचा. जाड सुतळीने बारीक सुईचे नेढे ओवता येत नाही, तसाच हा प्रकार होय.

ही अडचण ओलांडण्याचा एक मार्ग म्हणजे प्रकाशच सोडून देणे. १९३१ मध्ये नॉल व रुस्का यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सिद्ध केला आणि १९३९ मध्ये तंबाखूच्या त्याच विषाणूचे चित्र जगाने पाहिले. जानेवारी २०२० मध्ये केरळातील पहिल्या भारतीय रुग्णाचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासला गेला आणि तेथेच त्या विषाणूचे इलेक्ट्रॉन चित्रही टिपले गेले. तथापि असले यंत्र गावोगावी बसविता येत नाही. शिवाय वैद्याला चित्र नको असते, त्याला उत्तर हवे असते.

दुसरा मार्ग रंगाऱ्यांच्या वाटेने आला. १८५६ मध्ये पर्किनने डांबरापासून जांभळा रंग काढला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. कापडासाठी निघालेले हे रंग पॉल एर्लिखसारख्या वैद्यांनी शरीराच्या पेशींवर वापरून पाहिले. कोणता रंग कोणत्या पेशीला धरतो, यावरून पेशी ओळखता येऊ लागली. १८७१ मध्ये बायरने फ्लुओरेसीन नावाचा रंग तयार केला. त्यावर निळा प्रकाश पाडला की तो स्वतः हिरवट प्रकाश बाहेर टाकतो. या गुणाला ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव स्टोक्सने १८५२ मध्येच दिले होते.

आता सुतावर रंग पक्का बसावा म्हणून तुरटीसारखे रंगबंधक वापरतात, हे येथे सांगावयास नकोच. अमेरिकेत अल्बर्ट कून्सने १९४१-४२ मध्ये असाच एक रंगबंधक शोधला. तो म्हणजे आपल्या रक्तातील प्रतिपिंड. प्रतिपिंड ठराविक शत्रूलाच जाऊन चिकटतो. त्याच्या पाठीवर चमकणारा रंग बसविला की शत्रू जेथे असेल तेथे उजेड दिसतो. विषाणूचा आकार दिसत नाही, पण त्याचा ठावठिकाणा लागतो. अंधारात काजवा दिसावा, त्याचे पंख न दिसावेत, तसे हे आहे. १९५८ मध्ये ही रीत पिसाळलेल्या जनावराच्या मेंदूतील रेबीजच्या विषाणूसाठी वापरण्यात आली, आणि आजही ती त्या रोगाच्या निदानात प्रमाण मानली जाते.

त्या काळी विषाणू ओळखणे किती कष्टाचे होते, याचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. पुण्यात १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ पासून तेच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसेही तापाने फणफणली. तेव्हा या केंद्रातील शास्त्रज्ञांनी नमुने उंदरांच्या पिलांना टोचून विषाणू वाढविला आणि तो गोचिडांमार्फत पसरतो हे दाखवून दिले. अशा मूळ कामावाचून पुढची कोणतीही झटपट चाचणी उभी राहत नाही. ज्याची ओळखच पटलेली नाही, त्याच्यासाठी रंगबंधक कोठून आणावा?

१९७१ मध्ये एलायझा ही चाचणी आली. तिच्यात प्रतिपिंडाला रंगाऐवजी एक विकर जोडतात. ते बिनरंगी द्रावण रंगीत करते आणि त्या रंगाने किती प्रकाश शोषला हे यंत्र मोजते. पुण्याच्या संस्थेने मे २०२० मध्ये तयार केलेली ‘कोविड कवच’ ही याच जातीची. मात्र ती रक्तातील प्रतिपिंड शोधते, म्हणजे रोग येऊन गेला काय, हे सांगते.

आपण ज्या रिपोर्टची वाट पाहत होतो, ती आरटी-पीसीआर चाचणी. कॅरी मलिसने १९८३ मध्ये कल्पिलेल्या रीतीने जनुकाचा तुकडा दर फेरीत दुप्पट होतो; तीस फेऱ्यांत एकाचे १०७ कोटींवर होतात. त्यात मिसळलेला चमकणारा रंग प्रथम दडपून ठेवलेला असतो. तुकडा वाढला की रंग सुटतो आणि नळीतला उजेड वाढतो. यंत्र तो उजेड मोजते. लवकर उजळली तर विषाणू पुष्कळ, उशिरा उजळली तर थोडा. आपल्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत याच उजेडाची मोजदाद चालू होती.

परंतु या फेऱ्यांना काही तास लागतात, आणि नमुन्यांची रांग लागली की तासांचे दिवस होतात. म्हणून फेऱ्याच नकोत, असा विचार निघाला. १९८३ मध्ये स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी धातूच्या पातळ थरावरून परतणाऱ्या प्रकाशात, त्या थराला काही चिकटताच फरक पडतो, हे वापरून रक्तातील प्रथिन मोजले. मुंबईच्या आयआयटीत सौम्यो मुखर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ च्या सुमारास काचतंतू इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवून त्यावर सोन्याचे सूक्ष्म कण बसविले. वाकलेल्या जागी प्रकाश तंतूबाहेर किंचित डोकावतो. तेथे शत्रू चिकटला की पलीकडे पोचणारा उजेड बदलतो. २०२० मध्ये त्या कामातील एक सहकारी व्ही. व्ही. आर. साई यांनी मद्रास आयआयटीतून, इतरांसह, कोरोनासाठी अशाच साधनाचा आराखडा मांडला. अशी साधने अद्याप पीसीआरची जागा घेऊ शकलेली नाहीत. लाळेत व रक्तात इतर पदार्थही सोन्याला चिकटू पाहतात, आणि कच्चा रंग उतरावा तशी त्यांची साक्ष कच्ची ठरते.

म्हणून नागरिकाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. उजेड पडला नाही म्हणजे रोग नाही, असे नेहमीच नसते. नमुना वेळेआधी वा नीट न घेतला, तर विषाणू असूनही नळी अंधारीच राहते. आणि प्रकाश विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर देतो. कोरोनाची परीक्षा डेंग्यू सांगणार नाही. यंत्र कितीही शहाणे झाले, तरी काय विचारावे हे रुग्णाला तपासणाऱ्या वैद्यालाच ठरवावे लागते. पक्क्या रंगाचीही पारख एका धुण्यात होत नाही, हे ज्या गावाला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे पटवून देण्याची गरज पडू नये.